डेस्कटॉपला माउस सोडून ट्रॅकपॅड घेऊ का? (पानं लावण्याचं काम, उजवं मनगट दुखतंय)

पानजुळणी (सांगली)

नमस्कार मंडळी,

मी घरून डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायची कामं करते. सध्या हातात दोन दिवाळी अंक आहेत, एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल आहे, मधेच एखादी पत्रिका येते. पानं इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये लावते, जाहिराती कोरल या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करते. डेस्कटॉप विंडोज ११, स्क्रीन २४ इंची, कीबोर्ड नंबरपॅडवाला नेहमीचा आणि माउस वायरचा, दुकानात चार-पाचशेला मिळतो तसला.

श्रावण लागला की कामाचा जोर वाढतो आणि उजवं मनगट कुरकुरायला लागतं. यंदा जरा जास्तच आहे. संध्याकाळपर्यंत कोपरापासून पंजापर्यंत ओढ लागते. अंगठ्याच्या मुळाशीही दुखतं, कणीक मळताना आणि कुकरचं झाकण काढताना तर फारच. मुंग्या येत नाहीत, बधिरपणा नाही.

भाऊ पुण्याला असतो. त्याच्याकडे मॅक मिनी आणि तो पांढरा मोठा मॅजिक ट्रॅकपॅड आहे. त्याचं म्हणणं, "ताई, माउस काढून टाक, हा घे, हात दुखायचा थांबेल." त्याच्याकडे गेले तेव्हा मी वापरून बघितला. पानं वरखाली करताना खरंच सुख वाटलं. पण त्यावर काम असं केलं नाही. इनडिझाइनमध्ये फ्रेमचा (मजकूर किंवा फोटो ठेवायच्या चौकटीचा) कोपरा धरून नेमका मार्जिनला टेकवणं, दोन कॉलममधून वाहणारा मजकूर निवडणं, कोरलमध्ये नोड (आकाराच्या रेषेवरचे बिंदू) हलवणं हे त्यावर जमतं का? विंडोजवर तो नीट चालतो का? की उभा माउस किंवा ट्रॅकबॉल (चेंडू फिरवून बाण हलवायचा तो) बघावा? दहा हजारांच्या वर पैसे घालायचे तर आधी विचारावं म्हटलं. अंक ऑक्टोबरात छापायला जायचे आहेत, त्यामुळे हात बंद ठेवणं परवडणारं नाही.

---

आठवणीतला_ठाणेकर

मी मॅकवर भाषांतराचं काम करतो आणि डेस्कटॉपला फक्त ट्रॅकपॅड ठेवलाय, तेव्हा माझं मत तुमच्या भावाच्या बाजूचं. हा ट्रॅकपॅड कुठेही दाबला तरी सारखाच क्लिक होतो, कारण आत खरं बटण नसून कंपन देणारी मोटर आहे. जुन्या लॅपटॉपचे टचपॅड वरच्या कडेला कडक आणि खाली मऊ असायचे, तसा प्रकार इथे नाही. मॅकच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये तीन बोटांनी ओढण्याची सोय आहे. ती चालू केली की मजकूर निवडताना बोट दाबून धरावंच लागत नाही. माझ्या मते ट्रॅकपॅडचा खरा फायदा तिथे आहे.

पण तुमच्यासाठी अडचण वेगळी आहे. ॲपलने तो मॅक आणि आयपॅडसाठी बनवलाय. विंडोजच्या पीसीला जोडला तर दोन बोटांनी स्क्रोल करायलाही बाहेरचा ड्रायव्हर शोधून टाकावा लागतो. टाकणारे टाकतात आणि चालतोही. तरी ऐन अंकाच्या धांदलीत विंडोज अपडेट होऊन तो बंद पडला तर काय, याचा विचार करा. आणि खरं सांगायचं तर फोटोतली आकृती कापून काढायची वेळ आली की मीसुद्धा खणातून माउस काढतो.

---

रेघोट्या_नाशिक

ऑटोकॅडवर नकाशे काढणारा आहे, त्यामुळे थोडक्यात. ट्रॅकपॅड नको. आमच्याकडे चाक दाबून नकाशा सरकवतात, चाकावर डबल क्लिक केलं की पूर्ण ड्रॉइंग समोर येतं. चाक नाही तर काम नाही. कोरलमध्येही चाक फिरवलं की झूम होतं. ट्रॅकपॅडवर दोन बोटं जराशी घसरली तरी तिथे पान एकदम अंगावर येतं नाहीतर टिकलीएवढं होतं. सेटिंगमध्ये जाऊन झूमच्या जागी स्क्रोल करता येतं, पण मग झूमसाठी दुसरं काहीतरी शोधा.

---

खिळे_ते_पिक्सेल (सातारा)

ताई, खरेदीचं नंतर बोलू. आधी एवढं सांगा: टेबल कसलं आहे, तुमची उंची किती आणि माउस नेमका कुठे ठेवता? कीबोर्डच्या शेजारी की वर?

---

पानजुळणी (सांगली)

काका, टेबल सुताराकडून करून घेतलेलं आहे. कीबोर्डला खाली सरकता ट्रे आहे. ट्रेमध्ये कीबोर्ड जेमतेम बसतो, म्हणून माउस वर टेबलावर, स्क्रीनच्या उजव्या बाजूला. उंची पाच फूट. खुर्ची वर केली की पाय लोंबतात म्हणून खालीच ठेवते.

---

खिळे_ते_पिक्सेल (सातारा)

मला हेच वाटलं होतं. आता सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न आमच्या धंद्यातल्या फार जणांचा आहे आणि बहुतेक जण वस्तू बदलत बसतात.

मी खिळेजुळणीपासून, म्हणजे धातूची सुटी अक्षरं हाताने जुळवत होतो तेव्हापासून या कामात आहे. नंतर पानं लावायला पेजमेकर आलं, मग इनडिझाइन. प्रेसमध्ये संगणक आले तेव्हा त्यांच्यासोबत तुमच्यासारखीच टेबलं आली आणि अजूनही सुतार तीच करतात: ट्रे कीबोर्डच्या मापाचा आणि माउसला जागा वर. टेबलाचा वरचा पृष्ठभाग साधारण ३० इंचांवर असतो. पाच फूट उंचीच्या बाईने खाली केलेल्या खुर्चीत बसून तिथवर हात न्यायचा म्हणजे कोपर अधांतरी, खांदा उचललेला आणि मनगट टेबलाच्या धारेवर टेकून मागे वाकलेलं. त्यात मधे नंबरपॅड, म्हणजे हात बाहेरच्या बाजूलाही ताणलेला. दिवसभर हात असा राहिला तर कोपरापासून ओढ लागणारच. त्या जागी तुम्ही मॅजिक ट्रॅकपॅड ठेवलात तरी खांदा तितकाच वर राहील.

तेव्हा पहिलं काम सुताराचं. ट्रे रुंद करून घ्या, कीबोर्ड आणि माउस एका पातळीत शेजारी शेजारी राहतील इतका. होत नसेल तर ट्रेच्या जागी एक लांब फळी टाकायला सांगा. कोपर काटकोनाच्या आसपास, अंगाला लागून, आणि खांदे सैल. खुर्ची वर करावी लागली तर पायाखाली पाट घ्या. याला दोन-चारशे रुपये लागतील आणि फरक पडला की नाही ते लगेच कळेल.

दुसरं, माउस उचलून उचलून परत आणावा लागतो का ते बघा. २४ इंची स्क्रीनवर पॉइंटरचा वेग कमी ठेवला असेल तर डाव्या टोकाच्या टूलबॉक्सपासून उजव्या टोकाच्या पॅनेलपर्यंत जाताना माउस दोनदा उचलला जातो. दर उचलण्याला अंगठा आणि करंगळी चिमटा धरतात. तुमच्या अंगठ्याच्या दुखण्यात याचा वाटा असू शकतो. वेग वाढवा. पहिल्या दिवशी बाण पळाल्यासारखा वाटेल, नंतर हात बसतो.

तिसरं सगळ्यात मोठं. माउसने करायला नकोत अशी कामं माउसकडून काढून घ्या. तुम्ही विचारलंत की दोन कॉलममधला मजकूर ट्रॅकपॅडवर ओढून निवडता येईल का. ओढायचाच कशाला? सुरुवातीला क्लिक करा, शेवटच्या ठिकाणी शिफ्ट धरून क्लिक करा. मधला सगळा मजकूर निवडला जातो, मग तो पुढच्या पानावर का वाहत असेना. कर्सरपासून लेखाच्या शेवटापर्यंत हवा असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एंड. फ्रेमचा कोपरा मार्जिनला टेकवताना डोळे फोडण्यापेक्षा कंट्रोल आणि वरच्या ओळीतला ६ दाबा, वरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कर्सर जातो. तिथे रुंदी-उंचीचे आकडे टॅबने पुढे जात टाइप करा. हाताने लावलेली फ्रेम अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होते. आकड्याने लावलेली फॉर्म्याच्या (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटाच्या) सोळाही पानांवर एका रेषेत येते. पुढचं पान शिफ्ट आणि पेज डाउनने. फोटो आत बसल्यावर फ्रेम त्याच्या मापाची करायला कंट्रोल, ऑल्ट, सी.

आणि स्टाइल्स, म्हणजे अक्षराचं वळण, आकार, अंतर एकदाच ठरवून नावाने साठवलेली मांडणी. दिवाळी अंकात कथेचं शीर्षक, लेखकाचं नाव, पहिला परिच्छेद, पुढचे परिच्छेद, कवितेच्या ओळी, चौकट, टीप हे सगळं पुन्हा पुन्हा येतं. पॅरेग्राफ स्टाइलच्या पॅनेलवर जाऊन क्लिक करण्यात आपला हात सर्वात जास्त खर्ची पडतो. प्रत्येक स्टाइलला शॉर्टकट देता येतो. मात्र विंडोजवर तो नंबरपॅडच्याच आकड्यांवर द्यावा लागतो, नम लॉक चालू ठेवून. वरच्या ओळीतले आकडे चालत नाहीत. म्हणून कुणी सांगेल की माउस जवळ येण्यासाठी नंबरपॅड नसलेला छोटा कीबोर्ड घ्या, तर आपल्या धंद्यात नुसता तेवढाच घेऊ नका, हातचे शॉर्टकट जातील. छोटा कीबोर्ड घ्या आणि सुटा यूएसबी नंबरपॅड घेऊन तो कीबोर्डच्या डावीकडे ठेवा. डाव्या हाताचा अंगठा डाव्या कंट्रोलवर येतो, बोटं आकड्यांवर राहतात आणि उजवा हात माउसवरून हलत नाही. मी असंच बसतो. नवीन काही घ्यायचं नसेल तर कंट्रोल आणि एंटर दाबून स्टाइलच्या नावाची दोन अक्षरं टाइप करा, तेही चालतं.

डाव्या हाताबद्दल मला मनापासून वाटतं म्हणून लिहितो. खिळे जुळवताना स्टिक (ओळ जुळवायची पट्टी) डाव्या हातात आणि उजवा हात केसमधून (खिळ्यांच्या खणांतून) खिळे उचलायचा. डावा अंगठा प्रत्येक खिळा जागेवर दाबून धरायचा. दोन्ही हात कामाला. माउस पहिल्यांदा लोकांसमोर आला तो ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत, डग्लस एंगेलबार्टच्या प्रात्यक्षिकात. तिथेही त्यांच्या उजव्या हाताशी माउस होता आणि डाव्या हाताशी पाच कळांचा एक छोटा संच. म्हणजे ज्याने माउस काढला त्याने डावा हात मोकळा ठेवलाच नव्हता. पुढे तो संच मागे पडला आणि सगळा भार उजव्या हातावर आला. मला हे चूक वाटतं आणि आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी डाव्या हाताची कामं लावून देतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. पानं लावायला माउस राहू द्या. नोड हलवणं, दोन कॉलम एका रेषेत आणणं, हाताने कर्निंग (अक्षरांमधलं अंतर) बघताना रफार पुढच्या अक्षराला चिकटतोय का हे तपासणं, यात दाबून धरून थोडंसं हलवायचं असतं. ट्रॅकपॅडवर दाबणारं आणि हलवणारं बोट एकच असल्यामुळे ते नको तिथे सरकतं. पण ट्रॅकपॅड निरुपयोगी नाही. पानं वरखाली करणं, प्रूफच्या पीडीएफमधून फिरणं, वेबवर काही शोधणं यासाठी तो डावीकडे ठेवला तर उजव्या हाताचं बरंचसं चाक फिरवणं वाचतं. विंडोजसाठी यूएसबीचे साधे ट्रॅकपॅड मिळतात. घेताना 'प्रिसिजन टचपॅड' आहे का एवढं विचारा. विंडोजमध्ये ८.१ पासून ही सोय आहे आणि तसा असेल तर वेगळा ड्रायव्हर लागत नाही, दोन-तीन बोटांच्या खुणा सेटिंगमध्येच मिळतात.

उभ्या माउसबद्दल: मी वापरतो आणि मला सोसला. हस्तांदोलनाला पुढे करतो तसा हात राहतो, पंजा पालथा करावा लागत नाही. लॉजिटेकचा लिफ्ट ५७ अंशांत कललेला आहे, लहान हाताला बरा, डावखुऱ्यांसाठीही वेगळा मिळतो. पण क्लिक करताना बोट बाजूने दाबतं, त्यामुळे सुरुवातीला माउस ढकलला जाऊन बाण निसटतो. अंकाच्या मधोमध बदलू नका.

---

हाडवैरी_नव्हे (नागपूर, फिजिओथेरपी)

काकांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. दोन गोष्टी माझ्या बाजूने, कारण पानजुळणीताईंनी लक्षणं नीट लिहिली आहेत.

मनगट दुखलं की लोकांना आधी कार्पल टनेल आठवतं. त्यात मनगटातली मधली नस दबते. मग अंगठा, पहिली दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू इथे मुंग्या किंवा बधिरपणा येतो, बऱ्याचदा रात्री जाग येते. करंगळीकडे मुंग्या असतील तर ती नस वेगळी, आणि कोपर टेबलाच्या कडेवर दाबून बसायची सवय आहे का ते बघावं लागतं. तुम्हाला यातलं काहीच नाही. अंगठ्याच्या मुळाशी, कणीक मळताना आणि झाकण फिरवताना दुखतं, यावरून मला अंगठ्याच्या कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) सुजेची शंका येते. डी क्वेर्वेन म्हणतात याला, त्या स्विस सर्जनने १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. अंगठा मुठीत मिटा आणि मनगट करंगळीच्या बाजूला अगदी हळू वाकवा. अंगठ्याच्या मुळापासून मनगटाच्या कडेला सणकून कळ गेली तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. पुन्हा पुन्हा करून बघू नका, त्याने सूज वाढते.

हे खरं निघालं तर खरेदीचा हिशोब बदलतो. अंगठ्याने चेंडू फिरवायचा ट्रॅकबॉल अजिबात नको. उभ्या माउसमध्येही बोटांच्या दाबाला अंगठा पलीकडून आधार देतो, म्हणून तो आत्ता नको. ट्रॅकपॅडवर अंगठ्याला पकडायला काही नसतं, त्यामुळे या बाबतीत तुमच्या भावाचा सल्ला बरोबर दिशेने आहे. फक्त ट्रॅकपॅडवर टॅपने क्लिक चालू ठेवा, दाबून क्लिक करायला अंगठा वापरू नका. साधा माउस ठेवायचा तर हाताला भरेल इतका मोठा घ्या. छोटा माउस चिमटीत धरला जातो.

आणि फोन. पाठवलेली प्रूफं फोनवर अंगठ्याने वर सरकवत वाचता का? तोच अंगठा आहे.

---

खिळे_ते_पिक्सेल (सातारा)

डॉक्टर, तुमचं मान्य. ताई, माझ्या प्रतिसादातला उभ्या माउसचा भाग तूर्त बाजूला ठेवा.

---

पानजुळणी (सांगली)

मंडळी, उशिरा लिहितेय, पहिल्या अंकाचं शेवटचं प्रूफ गेलं तेव्हा कुठे वेळ मिळाला.

सुताराने ट्रे काढून आरपार फळी बसवली. आता माउस कीबोर्डला लागून आहे, पायाखाली देवघरातला जुना पाट आहे. कोपरापासूनची ओढ पहिल्या आठवड्यातच कमी झाली, हे मला खरंच वाटलं नव्हतं. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनीही कंडरांचीच सूज सांगितली. अंगठ्यासकट मनगटाला पट्टा दिलाय, काम नसताना घालते. अंगठा अजून दुखतो, कुकर सध्या नवराच उघडतो. आणि हो, प्रूफं मी फोनवरच वाचत होते. आता स्क्रीनवर वाचते.

मॅजिक ट्रॅकपॅड घेतला नाही. यूएसबीचा साधा प्रिसिजनवाला घेतला आणि डावीकडे ठेवला. पीडीएफ वरखाली करायला तो फार आवडला. एकदा संपादकांशी फोनवर बोलत, उजवा हात मांडीवर ठेवून, नुसत्या डाव्या हाताने अख्खा अंक चाळला. कोरलमध्ये मात्र नाशिककर म्हणाले तसंच, तिथे त्याला हात लावत नाही. माउस जरा मोठा घेतला. सुटा नंबरपॅडही आणला.

एक अडचण आहे. कथेच्या स्टाइल्सना कंट्रोल १, २, ३ दिले ते मस्त चालतात. कवितेच्या स्टाइल्सना शिफ्ट १, २ द्यायला गेले तर स्टाइल लागायची सोडून कर्सरच इकडेतिकडे जातो. नम लॉक चालू आहे. नंबरपॅड खराब निघाला का?

---

खिळे_ते_पिक्सेल (सातारा)

नंबरपॅड चांगला आहे, परत करू नका. नम लॉक चालू असताना शिफ्ट धरला की विंडोज त्या आकड्यांना बाण आणि होम-एंड समजतं, म्हणून कर्सर पळतो. नुसत्या ऑल्टच्याही वाटेला जाऊ नका, ऑल्ट धरून नंबरपॅडवर आकडे दाबले की विंडोज त्यांना अक्षराचा कोड समजतं. कवितेसाठी कंट्रोल ४, ५, ६ वापरा. नऊच्या पुढे लागले तर कंट्रोल आणि ऑल्ट दोन्ही धरून पुन्हा एकपासून सुरू करा. दोन्ही कळा डाव्या अंगठ्याच्या टप्प्यात आहेत, पण तुमचा डावा अंगठाही जपायचा आहे, म्हणून ज्या स्टाइल्स क्वचित लागतात त्याच तिकडे टाका.

दुसऱ्या अंकाची पानं सुरू करण्याआधी हे शॉर्टकट रिकाम्या टेम्प्लेटमध्ये भरून ठेवा. स्टाइलचा शॉर्टकट त्या फाइलसोबत राहतो, म्हणजे पुढच्या वर्षी तेच टेम्प्लेट उघडलं की सगळे जागेवर सापडतील.